उगवतीकडे तोंड करून

निफाड तालुक्यातलं कुठलंही जुनं खरेदीखत उघडून बघा. गट नंबर, क्षेत्र, आकार वगैरे झालं की चतुःसीमेचा मजकूर येतो : पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस पाटाची चारी, पश्चिमेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याची जमीन. नकाशा जोडलेला असो वा नसो, या चार ओळींच्या भरवशावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी घेतल्या-विकल्या गेल्या, आणि त्यांच्याचवरून भाऊबंदकीही झाली. सुरुवात पूर्वेपासून होते. उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं, उजव्या हाताला येते ती दक्षिण. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवाही, तो याच उभं राहण्यामुळे.

तिकडे स्वीडनच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ओरिएंटेरिंग' हा शब्द रुळला. त्याच्या पोटातही 'ओरिएंट', म्हणजे उगवतच आहे. अनोळखी मुलखात आधी पूर्व धरायची, मग बाकीच्या दिशा लावून घ्यायच्या. तेव्हा ओरिएंटिअरिंग हे नाव जिभेला कितीही जड वाटलं, तरी या खेळातली पहिली कृती आमच्या शेतकऱ्याला नवी नाही. त्याला नवा आहे तो हातातला कागद.

खेळ असा. सुरू होताना तुम्हाला एक रंगीत नकाशा मिळतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण असतो, तिथून निघायचं. पुढे क्रमांक घातलेली वर्तुळं, आणि शेवटी वर्तुळात वर्तुळ, तिथे संपवायचं. वर्तुळाच्या मध्यावर जे काही दाखवलेलं असेल, बांधाचा कोपरा, विहीर, एकटी बाभूळ, तिथे प्रत्यक्षात केशरी-पांढऱ्या कापडाची तिकोनी खूण टांगलेली असते, प्रत्येक बाजू ३० सेंटिमीटरची. तिला कंट्रोल म्हणतात. तिथल्या पंचने आपल्या कार्डावर टाचण्यांची नक्षी उमटवायची आणि पुढचं वर्तुळ गाठायचं. दोन कंट्रोलच्या मधून कुठून जायचं, ते कोणी सांगत नाही. नकाशावर त्यांना जोडणारी सरळ रेघ असते, पण त्या रेघेवरून चालायची सक्ती नसते. सरळ गेलं तर दोनशे मीटर, पण मध्ये नांगरट. पाटाच्या कडेने वळसा घेतला तर साडेतीनशे, पण पायाखाली सडक. हा सौदा पळता पळता करायचा. नुसते पाय जोरात असून भागत नाही. चुकीच्या दिशेने जोरात पळणारा जास्त लांब जातो, एवढंच.

आपल्याकडे नकाशा ही कायम सरकारची वस्तू राहिली. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने मद्रासेत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जमाबंदीची नवी मोजणी सुरू केली. त्या मोजणीतली ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे आता विस्मरणात गेले, पण ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा हा हिशेब आपल्या तोंडात अजून आहे. साखळीचं टोक मात्र नेहमी साहेबाच्या, पुढे मोजणीवाल्याच्या हातात. गावनकाशा तलाठ्याकडे, टिपण आणि फाळणी भूमी अभिलेखात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे निफाड येतं ४६ एल/४ या पत्रकावर. त्याचं प्रमाण १ : ५०,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. अख्खं निफाड त्यावर बोटाखाली झाकतं, आणि पत्रक विसाव्या अक्षांशावर संपत असल्यामुळे नांदूरमधमेश्वरपर्यंत सरकावं तो कागदाची कड येते.

त्यामुळे आमच्या भागात कोणी कागद घेऊन बांधावरून फिरताना दिसला की लोक हातातलं काम थांबवतात. निफाडातल्या ओरिएंटिअरिंगवरच्या या पुस्तकासोबतचा नकाशा तयार होत होता तेव्हा मी एकदा सोबत गेलो होतो. कांद्याच्या वाफ्यात पाणी भरणाऱ्या एका बाबांनी विचारलं, "काय सर, मोजणी आली का? रस्ता जातोय का इकडून?" सुरत-चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनाने तालुक्याची झोप उडवलेली, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. म्हटलं, "नाही बाबा, पोरांना पळवायचंय." त्यांनी दारं मोडलं, फावडं टेकवलं आणि म्हणाले, "मग पळायला नकाशा कशाला लागतो?"

या प्रश्नाचं उत्तर युरोपानेही हळूहळूच शोधलं. सैन्याबाहेरची पहिली जाहीर स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, ओस्लोजवळ झाली. पण खेळ लोकांचा केला तो स्वीडनच्या मेजर एर्न्स्ट किलांडर यांनी. ते सैनिक होते आणि स्काउट चळवळीतलेही. तरुण मंडळी धावण्याच्या शर्यतींकडे पाठ फिरवत आहेत, हे त्यांना खुपत होतं. १९१९ च्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेला त्यांनी घेतलेल्या स्पर्धेत दोनशेहून जास्त जण उतरले. मैदानाला प्रदक्षिणा घालून कंटाळलेल्या मुलांना जंगलात सोडून द्यावं, एवढीच कल्पना. १९३० च्या दशकात शेलस्ट्रॉम बंधूंनी कोनमापक पट्टी जोडलेलं, पारदर्शक बैठकीचं होकायंत्र बाजारात आणलं, आणि जे काम करायला अधिकारी लागत होता ते शाळकरी पोर करू लागलं. १९६१ मध्ये कोपनहेगनला दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. १९६६ मध्ये फिनलंडमधल्या फिस्कर्सला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

माझ्या मते मात्र या इतिहासातलं खरं वळण स्पर्धांमध्ये नाही. सुरुवातीला हे लोकही सरकारी नकाशांवरच पळत होते. त्यांवर दगड नव्हता, खड्डा नव्हता, झाडी किती दाट हे कळत नव्हतं. मग क्लबांनी स्वतःच जंगल पायी तुडवून नकाशे काढायला घेतले. तपकिरी रंगात समोच्च रेषा, निळ्यात पाणी, काळ्यात खडक आणि माणसाने बांधलेलं, पिवळ्यात मोकळं रान. पांढरा म्हणजे सुखाने पळता येईल अशी झाडी, आणि हिरवा जितका गडद तितकी ती शिरायला अवघड. ही रंगांची भाषा आज सगळ्या जगात एकच आहे. जपानी पोराने काढलेला नकाशा चेक बाईला वाचता येतो. सरकारी खात्याच्या आधाराने सुरू झालेला खेळ सरकारी नकाशाच्या पुढे निघून गेला, तो रविवारी चिखल तुडवणाऱ्या हौशी लोकांमुळे.

पुढे देशोदेशी त्याच्या तऱ्हा पडल्या. स्कँडिनेव्हियात जंगल हेच दैवत. स्वीडनची ओ-रिंगेन १९६५ पासून चालते, पाच दिवसांची. जत्राच म्हणा. जगज्जेते आणि ऐंशी पार केलेल्या आज्या एकाच रानात, आपापल्या वयोगटाच्या आखणीवर उतरतात. लहानग्यांसाठी दोरी बांधून आखलेला मार्ग असतो, दोरी सोडायची नाही एवढाच नियम. पूर्व युरोपातल्या देशांनी याकडे ॲथलेटिक्स म्हणून पाहिलं, सराव आणि शिस्त कडक. स्वित्झर्लंडने नकाशाच्या नेमकेपणाला कलेचा दर्जा दिला, आणि तिथल्याच सिमोन निग्लींनी जागतिक स्पर्धांत २३ सुवर्णपदकं मिळवली. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात जॉन डिस्ले आणि ख्रिस ब्रॅशर यांनी खेळ रुजवला, ज्यांनी पुढे लंडन मॅरेथॉन सुरू केली तेच हे दोघे. तिथे ओरिएंटिअरिंग म्हणजे रविवार सकाळ, अख्खं कुटुंब आणि गाडीच्या डिकीत चहाचा थर्मास. आज जो पळतो तो पुढच्या वेळी कंट्रोल लावायला जातो. ऑस्ट्रेलियात १९७६ मध्ये रोगेन निघालं : चमू करून जास्तीत जास्त २४ तास भटकायचं आणि गुण गोळा करायचे. बिबट्याच्या आणि उसाच्या मुलखात रात्रीचं रोगेन कोणी सुचवू नये, हे मी इथेच सांगून टाकतो.

आपल्या कामाच्या दोन तऱ्हा त्या मानाने अलीकडच्या. एक स्प्रिंट. २००१ पासून जागतिक स्पर्धेत आलेला हा प्रकार गल्लीबोळांत, आवारांत खेळतात, १ : ४,००० च्या नकाशावर, जिथे एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर. दुसरी ट्रेल. तीत पळण्याचा वेळ मोजतच नाहीत. ठरलेल्या वाटेवरून बघायचं आणि समोरच्या अनेक खुणांपैकी नकाशातली नेमकी कोणती ते ओळखायचं. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि धडधाकट माणूस इथे एकाच यादीत येतात. २००४ पासून तिचीही जागतिक स्पर्धा होते.

महाराष्ट्रात नकाशा आणि होकायंत्र तीन वाटांनी सामान्य मुलांपर्यंत पोचलं. पहिली वाट लष्कराची. देवळालीची तोफखाना शाळा आमच्यापासून काही फार लांब नाही, नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल १९३७ चं. एनसीसीच्या 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रासाठी नकाशावाचन अभ्यासावंच लागतं, त्यामुळे सहा अंकी ग्रिड रेफरन्स काढता येणारी माणसं खेड्यापाड्यांत भेटतात. परीक्षा झाली की नकाशा मिटतो, ही गोष्ट वेगळी. दुसरी वाट स्काउट-गाइडची, दगड-काटक्यांच्या मार्गखुणांची. तिसरी डोंगरवेड्यांची. टोपोशीटच्या धुरकट झेरॉक्स, आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा', आणि साल्हेरपासून अंकाई-टंकाईपर्यंत घासलेले बूट. तिन्ही वाटांचा मी ऋणी आहे. पण तिन्हींत नकाशा लागतो तो घरापासून लांब जायला. आपल्याच शिवाराचा नकाशा हातात घेऊन कोणी खेळलं, असं माझ्या पाहण्यात नव्हतं.

नाशिक जिल्हा पळणाऱ्यांचा आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणलं. संजीवनी जाधव आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्याची. रोइंगमध्ये २०१६ च्या ऑलिंपिकला गेलेला दत्तू भोकनळही त्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या हजारो मुलांचं काय होतं, ते मी शाळेत बघितलंय. स्टॉपवॉच एकदा दाबलं की पहिले तीन राहतात, बाकीचे प्रेक्षक होतात. ओरिएंटिअरिंगमध्ये पाचव्या कंट्रोलला गोंधळलेला पहिला धावपटू बांधावर उभा राहून डोकं खाजवत असतो, आणि मागून चालत आलेली जाडसर मुलगी शांतपणे पंच करून पुढे जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती मुलगी त्या दिवशी घरी काय सांगत गेली असेल, ते ओळखायला नकाशा लागत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी, कारण प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार काय आहे ते त्यातून कळेल. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. या पुस्तकाची लेखिका माझी विद्यार्थिनी. तिने आखलेल्या पहिल्याच कार्यक्रमात, जानेवारीतल्या एका सकाळी, मीही कार्ड घेतलं. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो. त्या दिवशी उसाच्या पानांवर दव साखरेसारखं बसलेलं. पहिला कंट्रोल म्हसोबाच्या मागे, सहज सापडला. दुसऱ्यासाठी द्राक्षबागेच्या कडेला उभं राहून होकायंत्र लावलं आणि सुई दाखवील तिकडे निघालो. चाळीस मिनिटांनी मी कादवेच्या काठावर होतो. जायचं होतं उलट बाजूच्या डीपीजवळ. परत येताना सहावीतली एक मुलगी भेटली. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "सर, तुम्ही नकाशा फिरवलाच नाही." पुढे म्हणाली, "आणि बागेच्या अँगलजवळ होकायंत्र नाही लावायचं. लोखंड असतं ना."

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. मंडपाचे लोखंडी अँगल आणि तारा सुईला आपल्याकडे ओढतात, त्यापासून चार पावलं लांब उभं राहावं लागतं. पण मोठी चूक पहिली. एकतीस वर्षं मी नकाशा भिंतीवर टांगून शिकवला, उत्तर वर, दक्षिण खाली. वर तर आकाश असतं. या खेळात नकाशा आडवा धरतात, जमिनीसारखा, आणि आपण वळलो की तोही हातात वळतो, म्हणजे कागदावरची उत्तर जमिनीवरच्या उत्तरेकडेच राहते. अंगठा आपल्या जागेवर ठेवून पावलागणिक पुढे सरकवायचा. खरेदीखत लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं : आधी तोंड वळवायचं, मग दिशा मोजायच्या. मला निवृत्तीनंतर कळलं.

निफाडात हा खेळ आणताना जंगलातले नियम तसेच्या तसे चालत नाहीत, आणि या पुस्तकाचा जीव त्यात आहे. आमच्याकडे डोंगर नाही. सपाटीवर तपकिरी रेषा विरळ, त्यामुळे नकाशा बोलतो तो काळ्या, निळ्या आणि हिरव्या रंगांत. शेततळं, विहीर, चारीचा फाटा, विजेचा खांब, वस्तीचा गोठा, वेशीतला मारुती. समोरच्या हिरव्या पट्ट्यात शिरता येईल का, हे महिन्यावर ठरतं. ऊस उभा असेल तर तो गडद हिरवा, आणि निफाडच्या उसात बिबट्या असतो हे सांगायला वनखातं लागत नाही. म्हणून ऊस हा जांभळ्या रेघांचा, प्रवेशबंदीचा भाग. तुटून गेला की तेच रान पिवळं. द्राक्षबागेत औषध फवारणी चालू असताना पोरं नेणं हा गुन्हाच, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत बागाईतदाराचा जीव बागेत अडकलेला असतो. त्याच्या तारांखालून कोणी वाकून जाऊ नये. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय रुततो तो बुटासकट. रेल्वेलाइन ओलांडायची नाही, मग कंट्रोल पलीकडे कितीही छान दिसो. एवढं वगळल्यावर उरतं काय? गावठाणाच्या गल्ल्या, शाळांची आवारं, उन्हाळ कांदा निघाल्यावरची रिकामी रानं, पालखेड कालव्याच्या वाटा. आणि ते पुष्कळ आहे.

नांदूरमधमेश्वरबद्दल लेखिकेने घेतलेली भूमिका मला फार पटली. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणथळ झाली, पक्षी आले, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आमच्या तालुक्यात झालं. नकाशाच्या दृष्टीने त्याहून सुंदर जागा नाही. दर पुरानंतर बेट सरकतं, काठ बदलतो. तरीही तिथे धावण्याचा मार्ग आखायचा नाही, असं ती स्पष्ट लिहिते. परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेवरून, ट्रेलच्या पद्धतीने, आवाज न करता. ओझरचं विमान कारखान्याचं आवार आणि लष्कराशी संबंधित कुठलीही जागा नकाशावर घ्यायची नाही, हेही तितकंच स्पष्ट.

हे सगळं आत्ताच का, असं कोणी विचारेल. एक कारण कायद्याचं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी नकाशामालिका आणली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय माणसांना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी मागण्याची गरज ठेवली नाही, संवेदनशील बाबी वगळून. गावाने आपला नकाशा आपण काढावा, ही गोष्ट माझ्या तरुणपणी विचारातही नव्हती. आज ओपनओरिएंटिअरिंग मॅपरसारखी प्रणाली फुकट मिळते आणि कलर प्रिंट गल्लीच्या टोकाला होते. दुसरं कारण फोनचं. फोनमधला निळा ठिपका आपण कुठे आहोत ते सांगतो, पण आजूबाजूला काय आहे ते बघण्याची गरज संपवतो. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हे ऐकत मोठी झालेली मुलं शेजारच्या गावाला गेली तरी वाटेतली तीन ठिकाणं सांगू शकत नाहीत. मी फोनच्या विरोधात नाही. माझी पेन्शन फोनवरच कळते. पण दिशा ही दुसऱ्याकडून ऐकायची गोष्ट झाली, हे भूगोलाच्या मास्तरला सोसवत नाही.

या पुस्तकाचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. यातून राष्ट्रीय विजेते घडतील, असा दावा ते करत नाही. नकाशा कसा काढायचा, मार्ग कसा आखायचा, शेतकऱ्याची परवानगी कशी मागायची, शेवटचं मूल परत आल्याशिवाय घरी कसं जायचं नाही, याचं हे हाताळायचं पुस्तक आहे. परवानगीवर इतकी पानं खर्च झालेली पाहून परदेशी वाचकाला नवल वाटेल; स्कँडिनेव्हियात दुसऱ्याच्या रानातून चालण्याचा हक्क परंपरेनेच आहे. आमच्याकडे बांध हा जिवाभावाचा आणि जिवावर उठण्याचाही विषय. म्हणून आखणी करण्याआधी बांधावर बसून चहा घेणे, ही या पुस्तकातली एक रीतसर पायरी आहे. परिभाषेच्या बाबतीत मात्र माझं आणि लेखिकेचं एकमत झालं नाही. 'दिशाशोध' असा शब्द घ्यावा, असं मला वाटत होतं. पोरं 'ओरिएंटिअरिंग' म्हणतात आणि थकल्यावर नुसतं 'ओ', असं तिचं म्हणणं. पुस्तक तिचं आहे.

शेवटी त्या बाबांबद्दल. नकाशाचा पहिला कागद छापून झाल्यावर आम्ही तो त्यांना दाखवायला नेला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितला, कागद फिरवला (न सांगता), उगवतीकडे तोंड केलं, आणि एका निळ्या वर्तुळावर नख ठेवलं. बहात्तरच्या दुष्काळात खणलेली ती विहीर त्यांच्या भावाने गेल्याच उन्हाळ्यात बुजवून टाकली होती. तिथे आता टोमॅटो आहे. पाठच्या पानावरच्या नकाशात ती अजून दिसते, कारण तोवर छपाई सुरू झालेली होती. वाचकांनी पेन्सिलीने खोडावी.